व्हिटवर्थची षट्कोनी नळीची रायफल: ब्रिटिश लष्करी चाचण्यांतील एक प्रकरण

विषयप्रवेश

शस्त्रास्त्रांच्या इतिहासात सैन्याने स्वीकारलेल्या शस्त्रांचीच नोंद विस्ताराने आढळते. जी शस्त्रे चाचणीपर्यंत पोहोचली आणि तेथेच थांबली, त्यांच्या वाट्यास बहुधा एखादी तळटीप येते. वस्तुतः चाचणीत मागे पडलेले शस्त्र पुष्कळदा अधिक बोलके असते. त्या काळी कोणते प्रश्न विचारले गेले, कोणते विचारावयाचे राहिले आणि निर्णय कोणत्या कसोटीवर झाला, हे त्याच्याकडून कळते. सर जोसेफ व्हिटवर्थ ह्यांची षट्कोनी नळीची रायफल हे ह्या प्रकारचे एक ठळक उदाहरण होय. १८५७ च्या चाचणीत तिने सैन्याच्या चालू रायफलीस निर्विवादपणे मागे टाकले. तरीही ती सैन्याची सर्वसामान्य रायफल कधी झाली नाही. असे का व्हावे, आणि तिचा पराजय कितपत खरा मानावा, ह्या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एन्फील्ड रायफल आणि यंत्रांचा प्रश्न

ज्या बंदुकीच्या नळीत आतून पेचदार खाचा पाडलेल्या असतात, तिला रायफल म्हणतात. ह्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे आपला तोल राखून सरळ जाते. ब्रिटिश पायदळाने १८५३ मध्ये स्वीकारलेली एन्फील्ड रायफल ठासणीची होती. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच, नळीची लांबी ३९ इंच व खाचा तीन होत्या. ह्या खाचांचा पेच ७८ इंचांत एक फेरा पूर्ण करी. म्हणजे गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत स्वतःभोवती केवळ अर्धा फेरा घेई. गोळीचे वजन ५३० ग्रेन, म्हणजे आपल्याकडील मापाने सुमारे तीन तोळे होते.

ही रायफल त्या काळाच्या मानाने उत्तम होती, परंतु ती पुरेशा संख्येने मिळत नव्हती. बंदुकीचे निरनिराळे भाग बर्मिंगहॅम व लंडन येथील कारागीर हातांनी घडवीत. एका बंदुकीचा भाग दुसरीस बसेलच, अशी खात्री नसे. १८५४ मध्ये क्रिमियाचे युद्ध सुरू झाले व बंदुकांची निकड भासू लागली, तेव्हा यंत्रांच्या साहाय्याने एकसारख्या बंदुका घडविण्याचा विचार पुढे आला. त्या वेळचे सरसेनापती लॉर्ड हार्डिंज होते. १८४४ ते १८४८ ह्या काळात हिंदुस्थानचे गव्हर्नर-जनरल असलेले हार्डिंज ते हेच. त्यांनी ह्या कामी मँचेस्टरचे यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ ह्यांचा सल्ला घेतला.

व्हिटवर्थ (१८०३–१८८७) हे बंदुका बनविणारे नव्हते. अचूक मापन हा त्यांचा विषय होता. धातूचे पृष्ठ पूर्णपणे सपाट कसे करावे, ह्याची पद्धती त्यांनी १८४० मध्ये विद्वानांपुढे मांडली होती. १८४१ मध्ये त्यांनी स्क्रूच्या आट्यांचे एकच प्रमाण सुचविले व ते पुढे सर्व ब्रिटिश कारखान्यांत रूढ झाले. इंचाच्या दशलक्षांशाइतका फरक दाखविणारे मापनयंत्रही त्यांनीच सिद्ध केले होते. अशा माणसास रायफल बनविण्याच्या यंत्रांविषयी विचारता त्याने जे उत्तर दिले, ते त्याच्या स्वभावास साजेसेच होते. उत्तम नळी कशी असावी हेच जर निश्चित ठाऊक नसेल, तर ती बनविणारी यंत्रे कशी योजावयाची? आधी प्रयोग करून नळीचे तत्त्व ठरवावे आणि मग यंत्रांचा विचार करावा, असे त्यांचे म्हणणे पडले. प्रयोगांचा खर्च सोसण्याचे सरकारने मान्य केले.

रशोम येथील प्रयोग

मँचेस्टरजवळ रशोम येथे व्हिटवर्थ ह्यांच्या निवासाच्या आवारात ५०० यार्ड लांबीची एक बंदिस्त प्रयोगशाळा उभारण्यात आली. वाऱ्याचा उपद्रव टाळण्यासाठी ती सर्व बाजूंनी झाकलेली होती. पहिली इमारत वादळाने पडली; ती पुन्हा बांधून १८५५ च्या मार्च महिन्यात प्रयोगांस प्रारंभ झाला.

ह्या प्रयोगांची रीत पाहण्यासारखी आहे. शाळेच्या लांबीत ठिकठिकाणी अतिशय पातळ कागदाचे पडदे लावलेले असत. गोळी ते भेदून जाई, परंतु त्यांच्यामुळे तिच्या गतीस जाणवण्याइतका अडथळा होत नसे. पडद्यांवरील छिद्रांची उंची मोजली की गोळीचा संपूर्ण मार्ग कळे. छिद्राच्या आकारावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येई. छिद्र वाटोळे असेल तर गोळी टोक पुढे ठेवून गेली, लांबट असेल तर ती डगमगत अथवा आडवी गेली, असा निष्कर्ष निघे. तोपर्यंत बंदुकीची परीक्षा गोळी निशाणावर कोठे लागली एवढ्यावरच होत असे. निशाणापर्यंत ती कशी गेली, हे येथे पद्धतशीरपणे पाहिले गेले.

नळीच्या पेचाविषयीही त्यांनी असेच केले. ६० इंचांत एक फेरा, ३० इंचांत एक, २० इंचांत एक, असे करीत एका इंचात एक फेरा येथपर्यंतच्या नळ्या त्यांनी करून पाहिल्या. शेवटच्या प्रकारची नळी व्यवहारात निरुपयोगी होती. परंतु एखाद्या गुणाची मर्यादा कळण्यासाठी तो गुण ताणून पाहावा लागतो, हे शास्त्रीय प्रयोगाचे सूत्र त्यांनी पाळले.

नळीचे गणित

प्रयोगांच्या अंती जी नळी निश्चित झाली, तिचा छेद षट्कोनी होता. समोरासमोरील बाजूंमधील अंतर ०.४५१ इंच व कोनांमधील अंतर ०.४९० इंच होते. ह्या षट्कोनाचा पेच २० इंचांत एक फेरा घेई. येथे खाचा अशा वेगळ्या नव्हत्याच. पिळलेली षट्कोनी नळी हीच गोळीस फिरवी. बहुकोनी नळीची कल्पना सर्वस्वी नवीन नव्हती. प्रसिद्ध अभियंते इझम्बार्ड ब्रुनेल ह्यांनी व्हिटवर्थ ह्यांच्या आधी वेस्टली रिचर्ड्स ह्या बंदूककारांकडून तशी एक नळी करविली होती. व्हिटवर्थ ह्यांचे श्रेय मापांच्या निश्चितीत आहे.

ह्या मापांचा अर्थ थोड्या विस्ताराने पाहणे इष्ट आहे. व्हिटवर्थ ह्यांनी गोळीचे वजन एन्फील्डप्रमाणेच ५३० ग्रेन ठेवले. वजन तेवढेच ठेवून व्यास कमी केला की गोळी लांब होते. ती व्यासाच्या सुमारे तिप्पट लांब झाली. षट्कोनाचे क्षेत्रफळ काढले, तर ते एन्फील्डच्या वर्तुळाकार नळीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरते. हवा गोळीस जो विरोध करते तो तिच्या समोरील क्षेत्रफळावर अवलंबून असतो. वजन तेच आणि क्षेत्रफळ एक-तृतीयांशाने कमी, म्हणजे गोळीचा वेग दूर अंतरापर्यंत टिकून राहणार हे उघड आहे.

परंतु लांब गोळीचा एक दोष असतो. आखूड गोळीपेक्षा ती हवेत लवकर आडवी होऊ पाहते. तिला सरळ ठेवावयाचे, तर ती अधिक जलद फिरविली पाहिजे. मुखाशी वेग सेकंदास १,२०० फूट धरला, तर एन्फील्डच्या पेचाने गोळी सेकंदास सुमारे १८५ फेरे घेते. व्हिटवर्थच्या पेचाने ती ७२० फेरे घेते. दोन्ही रायफलींतील खरा भेद ह्या दोन आकड्यांत आहे. षट्कोन हा त्याचा केवळ दृश्य भाग होय.

व्हिटवर्थ ह्यांनी जे प्रयोगाने शोधले, त्याचे गणित पुढे वूलिच येथील प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल ह्यांनी १८७९ मध्ये मांडले. त्यांचा स्थूल नियम असा: १५० ह्या अंकास गोळीच्या व्यासाच्या वर्गाने गुणावे व गोळीच्या लांबीने भागावे, सर्व मापे इंचांत घेतल्यास पेचाची योग्य लांबी निघते. ०.४५ इंच व्यासाच्या व त्याच्या तिप्पट लांब गोळीस हा नियम लावला, तर उत्तर साडेबावीस इंच येते. व्हिटवर्थ ह्यांचा पेच २० इंचांचा होता, म्हणजे गोळी सरळ ठेवून थोडी शिल्लकच राहील असा. एन्फील्डच्या गोळीस हाच नियम लावता उत्तर ४५ ते ५० इंचांच्या दरम्यान येते. तिच्या नळीचा पेच मात्र ७८ इंचांचा होता. पोकळ बुडाच्या गोळीस हा नियम काटेकोरपणे लागू पडत नाही, तथापि दिशा स्पष्ट आहे. १८५८ च्या नौदलाच्या व १८६० च्या आखूड एन्फील्ड रायफलींत पेच ४८ इंचांवर आणण्यात आला आणि त्या अधिक अचूक ठरल्या, ही गोष्ट ह्या अनुमानास पुष्टी देते.

हाइथ येथील चाचणी

१८५७ च्या एप्रिल महिन्यात केंट परगण्यातील हाइथ येथे, लष्कराच्या नेमबाजी विद्यालयाच्या देखरेखीखाली, युद्धमंत्री लॉर्ड पॅनम्यूर ह्यांच्या उपस्थितीत दोन्ही रायफलींची तुलना झाली. मापनाची पद्धती अशी होती: लागलेल्या सर्व गोळ्यांचा मध्यबिंदू काढावयाचा, त्यापासून प्रत्येक गोळीचे अंतर मोजावयाचे व त्या अंतरांची सरासरी घ्यावयाची. हे सरासरी विचलन जितके कमी, तितकी बंदूक अचूक. निष्पन्न झालेले आकडे येणेप्रमाणे:

५०० यार्ड: एन्फील्ड २.२४ फूट, व्हिटवर्थ ०.३७ फूट
८०० यार्ड: एन्फील्ड ४.२० फूट, व्हिटवर्थ १.०० फूट
१,१०० यार्ड: एन्फील्ड ८.०४ फूट, व्हिटवर्थ २.६२ फूट
१,४०० यार्ड: एन्फील्डची गोळी निशाणास लागली नाही, व्हिटवर्थ ४.६२ फूट
१,८८० यार्ड: एन्फील्डची चाचणी नाही, व्हिटवर्थ ११.६२ फूट

ह्या आकड्यांवर भाष्य करण्याची फारशी आवश्यकता नाही. ५०० यार्डांवर व्हिटवर्थचे विचलन एन्फील्डच्या सहाव्या हिश्शाइतके होते आणि १,१०० यार्डांवरील तिचे विचलन एन्फील्डच्या ५०० यार्डांवरील विचलनाहून थोडेसेच अधिक भरले. लाकूड भेदण्याच्या परीक्षेत एन्फील्डच्या गोळीने अर्ध्या इंचाच्या सुमारे डझनभर एल्म फळ्या भेदल्या. व्हिटवर्थच्या कठीण धातूच्या गोळीने ३३ भेदल्या.

किट्टाचा प्रश्न

एवढे असूनही निर्णय अनुकूल झाला नाही. १८५९ मध्ये अधिकाऱ्यांच्या एका समितीने नळीचा व्यास लष्करी उपयोगास फार लहान आहे, असा अभिप्राय दिला. हा आक्षेप टिकणारा नव्हता. १८८८ मध्ये त्याच सैन्याने ०.३०३ इंच व्यासाची रायफल स्वीकारली, एवढे सांगितले म्हणजे पुरे. किंमतीचा आक्षेप अधिक सबळ होता, कारण अशी नळी सूक्ष्म मापाने घडवावी लागे व ती महाग पडे. परंतु खरी अडचण तिसरीच होती, आणि ती दारूत होती.

त्या काळची बंदुकीची दारू म्हणजे शंभरांत ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक ह्यांचे मिश्रण. ती जळाली की तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपाने मागे राहतो. हे किट्ट नळीच्या आतील बाजूस बसते आणि कोरड्या हवेत ते कठीण होते. ठासणीच्या बंदुकीत पुढची गोळी ह्या किट्टातूनच गजाने खाली दाबावी लागते. एन्फील्डची गोळी नळीपेक्षा बरीच लहान ठेवलेली होती. दारू पेटताच तिचे पोकळ बूड फुगे व ती खाचांत घट्ट बसे. तरीही १८५७–५८ मध्ये हिंदुस्थानातील लढायांत गोळ्या अडकत असल्याच्या तक्रारी झाल्या, आणि त्यानंतर गोळीचा व्यास ०.५६८ इंचांवरून ०.५५० इंचांवर आणावा लागला. एवढी मोकळीक असलेल्या बंदुकीची ही अवस्था, तर जिची गोळी नळीस अगदी जुळवून केलेली होती आणि जिचा पेच जलद होता, त्या व्हिटवर्थच्या नळीची अवस्था काय होत असेल, ह्याची कल्पना करता येईल. जी अचूकता हाइथ येथे तिचे बळ ठरली, तीच रणांगणावर तिचे वर्म ठरणार होती.

१८६२ मध्ये सरकारी शस्त्रसमितीने लहान व्यासाच्या नळीची श्रेष्ठता मान्य केली आणि प्रत्यक्ष पलटणींत परीक्षा घेण्याचे ठरले. त्यासाठी एन्फील्ड येथील सरकारी कारखान्यात १८६२ च्या नमुन्याच्या १,००० व १८६३ च्या नमुन्याच्या आठ हजारांहून अधिक आखूड व्हिटवर्थ रायफली तयार करण्यात आल्या. पहिल्या नमुन्याची नळी लोखंडाची, दुसऱ्याची पोलादाची होती. पलटणींतून आलेले अहवाल प्रतिकूल होते. किट्ट साचले की गोळी भरणे कठीण जाते, ही मुख्य तक्रार होती. शत्रू समोर असता ज्या शिपायास गोळी अर्ध्यावर अडकलेली बंदूक हाती धरून उभे राहावयाचे, त्यास तिचे ५०० यार्डांवरील विचलन किती कमी आहे, ह्याचा काय उपयोग? त्याच सुमारास ठासणीच्या बंदुकांचा काळच संपत आला. १८६४ मध्ये मागून भरावयाच्या बंदुकांचा विचार सुरू झाला व १८६६ मध्ये जुन्या एन्फील्डमध्येच फेरफार करून केलेली स्नायडर रायफल स्वीकारण्यात आली.

हीच बंदूक इतर हातांत मात्र यशस्वी झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. २ जुलै १८६० रोजी विंबल्डन येथे राष्ट्रीय रायफल संघाच्या पहिल्या मेळाव्याचे उद्घाटन राणी व्हिक्टोरिया हिने टेकूवर बसविलेल्या व्हिटवर्थ रायफलीचा बार काढून केले. ४०० यार्डांवर ती गोळी केंद्रापासून दोन इंचांच्या आत लागली. त्या मेळाव्यातील राणीचे पारितोषिक एडवर्ड रॉस ह्यांनी ह्याच रायफलीने जिंकले. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याने थोड्याशा व्हिटवर्थ रायफली निवडक नेमबाजांस दिल्या होत्या, आणि त्यांचा धाक उत्तरेच्या तोफखान्यास वाटे. ९ मे १८६४ रोजी स्पॉट्सिल्व्हेनिया येथे जनरल सेजविक ह्यांस लागलेली गोळी ह्याच रायफलीची होती, असे परंपरेने सांगितले जाते. जो नेमबाज थोडे बार काढतो, नळी पुसतो व आपली दारू स्वतः निवडतो, त्यास किट्टाची बाधा होत नाही. पायदळाच्या शिपायास ही सवलत नसते.

पराजयानंतरचे जीवन

व्हिटवर्थची षट्कोनी नळी मागे पडली, परंतु तिची मापे मागे पडली नाहीत. एडिंबरोचे अलेक्झांडर हेन्री ह्यांनी १८६० मध्ये सप्तकोनी नळीचे पेटंट घेतले. पुढे त्यांच्या नळीस फ्रीड्रिख फॉन मार्टिनी ह्यांची मागून भरण्याची रचना जोडून मार्टिनी-हेन्री रायफल सिद्ध झाली व १८७१ मध्ये ती ब्रिटिश सैन्याने स्वीकारली. तिचा व्यास ०.४५० इंच, पेच २२ इंचांत एक फेरा व गोळी ४८० ग्रेनांची होती. हे आकडे व्हिटवर्थच्या आकड्यांशेजारी ठेवले, तर नाते सांगण्याची गरज उरत नाही. गोळी मागून भरता येऊ लागल्यामुळे किट्टातून ती दाबण्याचा प्रश्न सुटला होता. चौदा वर्षांपूर्वी हाइथ येथे मिळालेले उत्तर आता कोठे उपयोगात आणता येण्याजोगे झाले.

भारतीय इतिहासाशी संबंध

हाइथची चाचणी ज्या महिन्यात झाली, तो एप्रिल १८५७ भारतीय वाचकांस वेगळ्या कारणाने परिचित आहे. ८ एप्रिल रोजी बराकपूर येथे मंगल पांडे ह्यांस फाशी देण्यात आले व १० मे रोजी मीरत येथे उठावास प्रारंभ झाला. ज्या एन्फील्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून हिंदी शिपायांत असंतोष पसरला, तिचीच उणीव त्याच सुमारास हाइथच्या मैदानावर मोजली जात होती.

मुंबई इलाख्याच्या सैन्यातही ह्या काळात स्वतंत्र प्रयोग चालू होते. मुंबई तोफखान्याचे अधिकारी जॉन जेकब (१८१२–१८५८) ह्यांनी, त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या सिंध प्रांतात जेकबाबाद येथे, अनेक वर्षे रायफलींची परीक्षा केली. त्यांच्या दुनळी रायफलीत चार खोल खाचा असून गोळीवर त्यांत बसणारे चार उंचवटे होते, आणि पेच सुमारे ३० इंचांत एक फेरा असा होता. व्हिटवर्थ मँचेस्टरच्या बंदिस्त शाळेत आणि जेकब सिंधच्या वाळवंटात, दोघेही जलद पेचाच्याच निष्कर्षावर आले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

नव्या शस्त्राचा लाभ मात्र सर्वांस सारखा झाला नाही. १८५७ नंतर हिंदी पलटणींस ब्रिटिश पलटणींपेक्षा एक पायरी खालचे शस्त्र द्यावयाचे, असे धोरण राहिले. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंद येथे लढलेल्या ब्रिगेडमध्ये ब्रिटिशांच्या ६६ व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री रायफली होत्या. मुंबई ग्रेनेडियर्स व जेकब रायफल्स ह्या मुंबईच्या पलटणींकडे स्नायडर होत्या. मैवंदच्या पराभवास शत्रूची मोठी संख्या व त्याचा तोफखाना ही प्रमुख कारणे होती, हे खरे. तथापि जेकबांचे नाव धारण करणाऱ्या पलटणीच्या हाती, त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनीही, जुन्या मोठ्या व्यासाचीच बंदूक असावी, ह्यातून धोरणाचे स्वरूप पुरेसे स्पष्ट होते.

समारोप

व्हिटवर्थ रायफलीच्या प्रकरणाचे तात्पर्य असे सांगता येईल. चाचणी ही नेहमी विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. हाइथ येथे अचूकतेचा प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर निःसंदिग्ध मिळाले. दिवसभर बार काढल्यानंतर, मळलेल्या नळीने, साध्या शिपायाच्या हातून ही बंदूक कशी चालेल, हा प्रश्न पाच वर्षांनी पलटणींत विचारला गेला, आणि त्याचे उत्तरही तितकेच निःसंदिग्ध होते. दोन्ही उत्तरे खरी होती. म्हणून व्हिटवर्थ ह्यांच्यावर केवळ अन्याय झाला असे म्हणणे, किंवा त्यांची बंदूक टाकाऊ होती असे म्हणणे, ही दोन्ही विधाने अपुरी ठरतात. शस्त्रांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने चाचणीच्या अहवालातील आकडे तर पाहावेतच. पण त्याआधी ती चाचणी कोणी, कोणत्या परिस्थितीत आणि कशासाठी घेतली, हे तपासावे. ही दक्षता शस्त्रांपुरतीच मर्यादित आहे असेही नाही. जेथे जेथे प्रयोगशाळेतील यश व्यवहारात उतरवावयाचे असते, तेथे तेथे कोणते किट्ट साचणार आहे, ह्याचा विचार आरंभीच केलेला बरा.